महाराणी मारिया थेरेसा हिचें चरित्र

ऑस्ट्रिया देशांत अठराव्या शतकांत एक मोठी महाराणी होऊन गेली. तिनें चाळीस वर्षें राज्य केलें, खेड्यापाड्यांतून शाळा घातल्या, कुळांच्या मानेवरील वेठीचें जूं हलकें केलें, आणि देवीच्या सांथीपासून लेंकरें वाचविण्याचा उपाय आपल्या घरांत करून दाखविला. त्याच महाराणीनें लूथरच्या मताच्या हजारों गरीब शेतकऱ्यांना, ते घरीं पवित्रशास्त्र वाचून निराळ्या रीतीनें प्रार्थना करितात एवढ्याच अपराधासाठीं, घरदार सोडावयास लावून दूरदेशीं पाठविलें. मग अशा बाईचें चरित्र आपल्या मंडळ्यांतील लोकांनीं कशाला वाचावें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्यांनीं आपल्या मताच्या लोकांना छळिलें त्यांचेंहि चरित्र आपणांस न्यायानें सांगतां आलें पाहिजे. चांगलें होतें तें चांगलें म्हणावें, वाईट होतें तें झांकूं नये. आणि एवढी देवभीरु व कष्टाळू बाई या एकाच बाबतींत एवढी कठोर कां झाली, हें नीट समजून घ्यावें.

जन्म व शिक्षण

मारिया थेरेसा हिचा जन्म ता. १३ मे १७१७ रोजीं व्हिएन्ना शहरांतील राजवाड्यांत झाला. तिचा बाप सहावा चार्ल्स हा हॅब्सबर्ग घराण्याचा मुख्य होता. ऑस्ट्रिया, बोहेमिया, मोराव्हिया, सायलेशिया, हंगेरी, ट्रान्सिल्व्हानिया, इटालीचा कांहीं भाग व आजच्या बेल्जम देशाचा बराच मुलूख, एवढा त्याच्या सत्तेचा विस्तार होता. या मुलखांची भाषा एक नव्हती, कायदे एक नव्हते, आणि धर्मपंथहि एक नव्हता. राजा मात्र एक होता. शिवाय जर्मनींतील अधिपतींनीं निवडून दिलेला सम्राट, असा सर्वांत मोठा मानहि त्याजकडे होता. मारियाची आई एलिझाबेथ ख्रिस्तीना ही ब्रन्सविक घराण्यांतली. ती लहानपणापासून लूथरपंथांत वाढलेली होती. पण या लग्नासाठीं तिला आपला पंथ सोडून रोमन कॅथॉलिक व्हावें लागलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

चार्ल्सला एक पुत्र झाला होता, परंतु तो १७१६ सालीं तान्हेपणींच वारला. त्याच्याहि आधीं, १७१३ सालीं, चार्ल्सनें एक सनद काढिली होती. तींत असें ठरविलें होतें कीं, राज्याचे तुकडे होऊं नयेत, आणि पुत्र नसल्यास मुलीनें गादीवर बसावें. या सनदेला युरोपांतील राजांची मान्यता मिळविण्यासाठीं त्यानें पुढें वर्षानुवर्षें खटपट केली व पुष्कळ सवलती देऊन टाकिल्या. सर्वांच्या सह्या झाल्या. पण जिच्यासाठीं हें सारें चाललें होतें तिला राज्यकारभार शिकविण्याचें मात्र त्याच्या मनांत आलें नाहीं. तिला लॅटिन, फ्रेंच, इटालियन या भाषा, गायन, नृत्य व धर्मशिक्षण एवढेंच मिळालें. तिची शिक्षिका फुक्स नांवाची एक सरदारीण होती. तिजवर मारियाचें इतकें प्रेम जडलें कीं, १७५४ सालीं ती वारली तेव्हां तिला राजघराण्याच्या समाधिगृहांत जागा दिली. राजकुळाबाहेरचें असें दुसरें कोणी तेथें पुरलेलें नाहीं.

ता. १२ फेब्रुवारी १७३६ रोजीं मारियाचें लग्न लोरेन प्रांताचा अधिपति फ्रान्सिस स्टीफन याच्याशीं झालें. राजघराण्यांतील लग्नें बहुधा राजकारणासाठीं होत. पण या दोघांचें एकमेकांवर मनापासून प्रेम होतें. युरोपांतील तहाच्या अटींप्रमाणें फ्रान्सिसला आपला वडिलोपार्जित लोरेन प्रांत सोडून द्यावा लागला, व त्याबद्दल इटालींतील टस्कनी प्रांत त्याला मिळाला.

संकटांत राज्यारोहण

ता. २० ऑक्टोबर १७४० रोजीं चार्ल्स अकस्मात् वारला. त्या वेळीं मारिया थेरेसा २३ वर्षांची होती. तोंपर्यंत तिला तीन मुलीच झाल्या होत्या. त्यांतली थोरली चारच महिन्यांपूर्वीं वारली होती, आणि चौथें मूल पोटांत होतें. खजिना जवळजवळ रिकामा; सैन्य तुर्कांशीं नुकत्याच झालेल्या लढाईंत मोडलेलें; दिवाण सर्व वयानें थकलेले. अशा वेळीं ज्या राजांनीं सनदेवर सह्या केल्या होत्या त्यांतले कित्येक आपला शब्द विसरले. प्रशियाचा तरुण राजा दुसरा फ्रेडरिक त्याच वर्षीं गादीवर आला होता. त्यानें डिसेंबर महिन्यांत, लढाई पुकारल्यावांचून, सायलेशिया प्रांतांत सैन्य घातलें. सायलेशिया हा तिच्या मुलखांतील फार सधन प्रांत होता. तेथें कापडाचा मोठा धंदा चाले व साऱ्याचें उत्पन्नहि भरपूर येई. पुढच्या सालीं बव्हेरियाचा अधिपति चार्ल्स आल्बर्ट यानें फ्रान्सच्या मदतीनें बोहेमियाची राजधानी प्राग हस्तगत केली, आणि १७४२ च्या आरंभीं सम्राटपदहि मिळविलें.

या चोहोंकडच्या संकटांत तिला हंगेरीचा आधार मिळाला. ता. २५ जून १७४१ रोजीं प्रेसबर्ग शहरीं तिला हंगेरीचा मुकुट घालण्यांत आला. हेंच शहर आतां ब्रातिस्लाव्हा या नांवानें स्लोव्हाकिया देशाची राजधानी आहे. तेथील रिवाजाप्रमाणें ती घोड्यावर बसून एका टेंकाडावर चढली आणि तरवार उपसून तिनें चारी दिशांस फिरविली. सप्टेंबर महिन्यांत तिनें तेथील सरदारांना बोलाविलें. शोकाचा काळा पोषाख घालून ती त्यांच्यापुढें उभी राहिली व आपली अडचण तिनें उघड सांगितली. सांगतां सांगतां तिला रडूं आलें. सरदारांनीं तरवारी उपसून तिच्यासाठीं प्राण देण्याची शपथ घेतली. पुष्कळ चित्रांत या प्रसंगीं तान्हा राजपुत्र योसेफ तिच्या कडेवर दाखवितात, परंतु खरें पाहतां तें मूल कांहीं दिवसांनीं आणून सभेला दाखविलें होतें. सरदारांनीं वचन दिलें तेवढें सैन्य आलें नाहीं. तरी आलें तेवढ्यानें राज्य तगलें. याची किंमतहि पडली. हंगेरीच्या सरदारांना कराची माफी होती ती तिला तशीच चालू ठेवावी लागली, आणि कराचें सर्व ओझें तेथील गरीब शेतकऱ्यांवर राहिलें.

ही लढाई १७४८ पर्यंत चालली. सायलेशियाचा बहुतेक भाग कायमचा गेला. बाकीचें राज्य तिनें राखिलें. १७४३ सालीं प्राग शहरीं तिला बोहेमियाचा मुकुट मिळाला. सम्राटपदासाठीं स्त्रीची निवड होत नसे. परंतु चार्ल्स आल्बर्ट वारल्यावर १७४५ सालीं तिचा नवरा फ्रान्सिस सम्राट निवडला गेला. त्या नात्यानें लोक तिला सम्राज्ञी म्हणूं लागले. पण राज्य स्वतःच्या हक्कानें तीच करीत होती, आणि हें त्या दोघांनाहि ठाऊक होतें.

राज्याची घडी

लढाईंत हार खाल्ल्यावर पुष्कळ राजे दुसऱ्यांस दोष देतात. मारिया थेरेसा हिनें आपल्या घरांत काय बिघडलें आहे तें शोधून काढिलें. राज्य मोठें असून पैसा कां नाहीं, तर सरदार व धर्ममठ कर देत नाहींत, आणि प्रत्येक प्रांताची सभा आपल्या मर्जीस येईल तेवढीच रक्कम देते, हें तिच्या ध्यानांत आलें. १७४८ व १७४९ या सालांत तिनें हौगविट्स नांवाच्या कारभाऱ्याच्या सल्ल्यानें ऑस्ट्रिया व बोहेमिया या मुलखांत सरदारांच्या व धर्ममठांच्या जमिनींवरहि कर बसविला, दहा दहा वर्षांची रक्कम आगाऊ ठरवून घेतली, आणि १,०८,००० शिपायांचें कायमचें सैन्य उभारिलें. न्यायाचें खातें कारभाराच्या खात्यापासून वेगळें केलें. १७५४ सालीं राज्यांत शिरगणती केली. तिच्या मनांत कोणतीहि सुधारणा तत्त्वज्ञान म्हणून आली नाहीं. गरज पडली म्हणून आली. पण एकदां काम हातीं घेतलें म्हणजे ती पहांटे उठून कागद वाचावयास बसे, आणि कागदांच्या समासांत आपल्या हातानें शेरे लिही.

माणसें निवडण्याचा गुण तिला फार होता. डच वैद्य व्हान स्वीटेन याला तिनें १७४५ सालीं व्हिएन्नास आणिलें. त्यानें तेथील वैद्यकीच्या शिक्षणाची सुधारणा केली. त्याच्याविषयींची एक गोष्ट आपल्या खेड्यांतील वाचकांना विशेष वाटेल. मोराव्हिया व सायलेशिया यांच्या सरहद्दीकडील लोकांत असा समज होता कीं, कांहीं मेलेलीं माणसें रात्रीं थडग्यांतून उठून जिवंतांचें रक्त शोषितात. असा संशय आला म्हणजे लोक तें प्रेत उकरून जाळीत, आणि कांहीं धर्मगुरूहि या कामांत सामील होत. १७५५ सालीं असाच एक प्रकार महाराणीच्या कानीं आला. तिनें वैद्य पाठवून चौकशी करविली. थंडीनें व हवा न लागल्यानें प्रेत कुजत नाहीं, त्यांत भुताचें कांहीं नाहीं, असें व्हान स्वीटेन यानें लिहून दिलें. तेव्हां सरकारच्या परवानगीवांचून कोणीं प्रेत उकरूं नये व जाळूं नये, असा हुकूम तिनें काढिला. भुतांचें भय कमी करण्यास एका वैद्याची चौकशी पुरेशी झाली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

गेलेला सायलेशिया परत मिळविण्याची आशा मात्र तिनें सोडिली नाहीं. त्यासाठीं तिनें दिवाण कौनिट्स याच्या सल्ल्यानें जुना वैरी फ्रान्स याच्याशीं सख्य केलें. १७५६ पासून १७६३ पर्यंत सात वर्षें लढाई झाली. लक्षावधि माणसें मेलीं. आणि शेवटीं सायलेशिया फ्रेडरिककडेच राहिला. यापुढें तिला लढाईचा वीट आला.

घरचें दुःख

फ्रान्सिसपासून तिला १६ मुलें झालीं. ११ मुली व ५ मुलगे. त्यांतलीं दहा वाढून मोठीं झालीं. त्या काळीं राजवाड्याच्या भिंतीहि देवीच्या रोगाला अडवूं शकत नव्हत्या. १७६१ सालीं तिचा मुलगा चार्ल्स योसेफ, १७६२ सालीं मुलगी योहान्ना, व १७६३ सालीं योसेफाची बायको इसाबेला, हीं तिघें देवीनें गेलीं. ता. १८ ऑगस्ट १७६५ रोजीं इन्सब्रुक येथें मुलाच्या लग्नाच्या समारंभांतच फ्रान्सिस एकाएकीं वारला. महाराणीनें आपले केंस कापून टाकिले, दागिने वांटून दिले, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत काळीं वस्त्रें नेसली. आपला संसार २९ वर्षें, ६ महिने व ६ दिवस चालला, हा हिशेब तिनें आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकांत तासांपर्यंत मांडून ठेविला होता.

१७६७ सालीं योसेफाची दुसरी बायको देवीनें आजारी पडली. सुनेला भेटावयास गेलेल्या महाराणीलाहि तो रोग लागला व ती मरणाच्या दारापर्यंत गेली. ती वांचली, पण सून गेली. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, नेपल्सच्या राजाशीं जिचें लग्न ठरलें होतें ती १६ वर्षांची मुलगी योसेफा हीहि देवीनेंच गेली. जेन्नर साहेबानें गाईच्या देवीची लस शोधून काढिली ती यानंतर सुमारें ३० वर्षांनीं. त्या वेळीं दुसरा एक उपाय होता: सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडांतील लस घेऊन निरोगी माणसाच्या दंडास टोंचावयाची. यांत थोडा धोका होता व कित्येक वैद्यांचा त्यावर विश्वास नव्हता. महाराणीनें १७६८ सालीं इंग्लंडांत हें काम केलेला डच वैद्य इंगेनहौस याला बोलाविलें. प्रथम गरिबांच्या मुलांवर हा उपाय करून पाहिला, आणि मग तिनें आपल्या स्वतःच्या मुलांना टोंचविलें. तीं सुखरूप राहिलीं. लोकांची भीति जावी म्हणून, टोंचून घेतलेल्या ६५ मुलांना तिनें शोनब्रुन येथील वाड्यांत जेवावयास बोलाविलें आणि स्वतः त्यांना वाढिलें. राजाज्ञेपेक्षां या पंगतीनें अधिक लोकांना धीर आला असेल.

मुलांवर तिचें प्रेम होतें, पण राज्याच्या कामीं त्यांना वापरण्यास ती मागेंपुढें पाहत नसे. मारिया आमालिया या मुलीचें मन दुसरीकडे असतां तिला पार्माच्या अधिपतीला दिलें. सर्वांत धाकटी मुलगी १४ वर्षांची असतां १७७० सालीं फ्रान्सच्या राजपुत्राला दिली. तिला महाराणी सतत पत्रें लिहून उधळेपणाबद्दल व आळसाबद्दल सावध करीत असे. मुलीनें तें मनावर घेतलें नाहीं. हीच पुढें फ्रान्सची राणी मारी अँत्वानेत. १७९३ सालीं पारीस शहरीं राज्यक्रांतींत तिचा शिरच्छेद झाला. तो दिवस पाहण्यास आई उरली नव्हती.

शाळा व वेठ

नवऱ्याच्या मरणानंतर मुलगा योसेफ सम्राट झाला व आईबरोबर राज्य चालवूं लागला. दोघांचें पुष्कळदां पटत नसे. तरी गरिबांच्या हिताचीं मोठीं कामें याच काळांत झालीं.

१७७३ सालीं पोपनें जेझुइट संघ बंद केला. शाळा चालविणारे गेले, पण त्यांची मालमत्ता हातीं आली. ती शिक्षणाकडे लावावी असें महाराणीनें ठरविलें, आणि योग्य माणूस शोधितां तिला फेल्बिगर हा मठाधिपति आढळला. तो राहत होता सायलेशियांत, म्हणजे फ्रेडरिकच्या राज्यांत. ज्याच्याशीं तीन लढाया केल्या, त्याच राजाकडे तिनें एक शिक्षक मागितला, आणि राजानें तो दिला. हा फेल्बिगर स्वतः रोमन कॅथॉलिक. पण शिकविण्याची नवी पद्धत त्यानें बर्लिन शहरीं जाऊन हेकर नांवाच्या प्रॉटेस्टंट पाळकाच्या शाळेंत पाहिली होती. हेकर हा हाले येथील फ्रांके यांच्या संस्थांत शिकलेला. त्याच हाले येथें शिकलेला त्सीगेनबाल्ग डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानें १७०६ सालीं आपल्या देशांत तरंगंबाडीस आला, व त्यानें तमिळ लोकांसाठीं शाळा घातल्या आणि नव्या कराराचें भाषांतर केलें. अशा रीतीनें एकाच झऱ्याचें पाणी एका वाटेनें हिंदुस्थानांत आलें, आणि दुसऱ्या वाटेनें, सरळ येण्यास बंदी असतां, ऑस्ट्रियाच्या खेड्यांत पोंचलें.

ता. ६ डिसेंबर १७७४ रोजीं शाळांचा कायदा निघाला. सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांनीं, आणि मुलींनींहि, शाळेंत यावें असें त्यांत ठरलें. खेड्यांत साधी शाळा, मोठ्या गांवीं त्याच्या वरची, आणि प्रत्येक प्रांताच्या मुख्य शहरीं शिक्षक तयार करणारी नॉर्मल शाळा, अशी रचना केली. पूर्वीं पंतोजी एकेका मुलाला जवळ बोलावून धडा घेई व बाकीचीं गोंगाट करीत. आतां फळ्यावर लिहून सर्व वर्गाला एकदम शिकवावें व प्रश्न विचारून मुलांकडून समजून घ्यावें, अशी पद्धत सुरू झाली. कायदा झाला म्हणून सगळीं मुलें लगेच शाळेंत आलीं असें नाहीं. गुरें राखण्यास मुलगा लागतो, असें तेथील शेतकरीहि म्हणत. तरी पाया घातला गेला, आणि त्यावर पुढच्या पिढ्यांनीं इमारत बांधिली.

दुसरें काम वेठीचें. बोहेमियांतील कूळ जमीनदाराचें बांधलेलें असे. आपलें शेत टाकून आठवड्यांतले कित्येक दिवस त्याला बैलांसुद्धां जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावें लागे. त्याच्या परवानगीवांचून गांव सोडतां येत नसे, कीं लग्न करितां येत नसे. १७७० नंतर तेथें मोठा दुष्काळ पडून हजारों माणसें मेलीं. १७७५ सालीं शेतकऱ्यांनीं बंड केलें. बंड शिपायांकडून मोडविलें, पण त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत हें महाराणीला पटलें होतें. त्याच वर्षीं ऑगस्टांत तिनें कायदा करून, आठवड्यांतून तीन दिवसांपेक्षां अधिक वेठ घेऊं नये, आणि लहान कुळाकडून त्याहून कमी घ्यावी, असें ठरविलें. कुळांची बांधणूक अजिबात काढून टाकावी असेंहि तिच्या मनांत होतें. परंतु जमीनदारांनीं विरोध केला, आणि योसेफानेंहि त्या वेळीं तिला साथ दिली नाहीं. सरकारच्या स्वतःच्या कांहीं जमिनींवर मात्र तिनें वेठ बंद करून कुळांना रोख खंडानें जमिनी दिल्या. १७७६ सालीं ऑस्ट्रिया व बोहेमिया येथें आरोपीचे हाल करून कबुली घेण्याची चालहि बंद झाली. या कामीं योसेफ व त्याचे सल्लागार पुढें होते, आणि ती नाखुषीनें कबूल झाली, हेंहि सांगितलें पाहिजे.

तिच्या नांवाला लागलेला आणखी एक डाग असा कीं, १७७२ सालीं रशिया व प्रशिया यांनीं पोलंड देशाचा लचका तोडिला त्यांत तिनेंहि आपला वांटा घेतला. हें अन्यायाचें आहे असें ती म्हणाली, रडलीहि; पण गॅलिशिया प्रांत तिनें घेतला.

विवेकबुद्धीचा प्रश्न

आतां त्या दुःखाच्या गोष्टीकडे येऊं.

मारिया थेरेसा रोज प्रार्थना करी, उपासाचे दिवस पाळी, गरिबांना हातानें वाढी. प्रजेच्या आत्म्यांबद्दल देव आपणांस जाब विचारील, असें ती मनापासून मानीत होती. आणि आपल्या पंथाबाहेर तारण नाहीं असेंहि मानीत होती. या दोन गोष्टींवरून तिनें असें अनुमान काढिलें कीं, प्रजेला चुकीच्या मार्गानें जाऊं देणें म्हणजे आईनें मुलाला विहिरींत पडूं देणें होय. क्रूर माणूस छळितो तो कधीं थकतो तरी. पण प्रेमाच्या समजुतीनें जो छळितो त्याला आपण छळितों हेंच कळत नाहीं.

यहूदी लोकांविषयीं तर प्रेमाचीहि सबब नव्हती. १७४४ च्या डिसेंबरांत, ते शत्रूला मिळाले अशा संशयावर, तिनें प्राग शहरांतील सर्व यहूद्यांना निघून जाण्याचा हुकूम दिला. दहा हजारांहून अधिक माणसें, म्हातारीं, आजारी, बाळंतिणी, भर थंडीच्या दिवसांत बाहेर पडलीं. इंग्लंड व हॉलंड यांच्या सरकारांनीं रदबदली केली. १७४८ सालीं त्यांना परत येऊं दिलें, पण जबर कर घेऊन.

वरच्या ऑस्ट्रियांत, श्टिरियांत व कॅरिंथियांत डोंगराळ भागांतून लूथरपंथी शेतकरी पिढ्यान् पिढ्या गुप्तपणें राहत होते. रविवारीं ते सर्वांबरोबर देवळांत जात, आणि रात्रीं दारें लावून लूथरचें पवित्रशास्त्र व प्रवचनांचीं जुनीं पुस्तकें वाचीत. पुस्तकें तक्तपोशीखालीं, गवताच्या गंजींत, भिंतीच्या पोकळींत लपविलेलीं असत. तेथें पाळक नव्हता, उपदेशक नव्हता. बाप मुलांना शिकवी, आणि आजी नातवंडांना गीतें शिकवी. महाराणीच्या हुकुमानें घरांच्या झडत्या झाल्या. संशयितांना शिकवून वळविण्यासाठीं खास गृहें उघडिलीं व त्यांत कोंडून ठेविलें. जे वळले नाहींत त्यांना १७५२ पासून १७५८ पर्यंत होड्यांतून डॅन्यूब नदीनें खालीं नेऊन ट्रान्सिल्व्हानियांत, आजच्या रुमानिया देशांत, वसविलें. असे सुमारें ३,००० लोक होते. ट्रान्सिल्व्हानियांत लूथरपंथाला जुन्या कायद्यानें मोकळीक होती. म्हणून ही शिक्षा नव्हे, सोय आहे, असें सरकार म्हणे. परंतु पुष्कळांचीं लहान मुलें कॅथॉलिक घरांत वाढविण्यासाठीं मागें ठेवून घेतलीं. स्वतः १६ मुलांची आई असलेल्या बाईनें हा हुकूम दिला. नव्या जागीं हवा मानवली नाहीं, रोगराई झाली, आणि कित्येक लवकरच मेले. जे जगले त्यांनीं हर्मनश्टाट शहराजवळच्या गांवांत आपली जुनी बोली व जुनीं गीतें जपून ठेविलीं.

आणि पहा, माणसाचें मन किती दोन ठिकाणीं असतें! त्याच ट्रान्सिल्व्हानियाचा कारभार पाहण्यास तिनें १७७७ सालीं ज्याला गव्हर्नर नेमिलें तो ब्रुकेन्थाल लूथरपंथी होता, आणि त्याच्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. तिची आईहि लूथरपंथांत वाढली होती. ज्या मताच्या माणसांना ती जवळून ओळखत होती त्यांना ती प्रामाणिक समजे. ज्यांना पाहिलें नव्हतें त्या डोंगरांतल्या शेतकऱ्यांना मात्र बंडखोर समजे.

१७७७ सालीं मोराव्हियाच्या पूर्वभागांत अशी बातमी पसरली कीं, धर्माची मोकळीक देणारा हुकूम निघाला आहे. ती खोटी होती. पण ती खरी समजून हजारों शेतकऱ्यांनीं आपण रोमन कॅथॉलिक नाहीं असें उघड सांगितलें. इतकीं वर्षें शिपाई व धर्मगुरु ठेवूनहि एवढीं माणसें आंतून वेगळींच राहिलीं होतीं! महाराणी हादरून गेली व तिनें पुन्हां कडक उपाय योजिले. योसेफ त्या वेळीं फ्रान्सच्या प्रवासांत होता. त्यानें तेथून आईला पत्रें लिहिलीं. श्रद्धा हुकुमानें उत्पन्न होत नाहीं, आणि चांगल्या शेतकऱ्यांना देशाबाहेर घालविल्यानें आत्मे तरत नाहींत, उलट राज्य मात्र बुडतें, असें त्याचें म्हणणें होतें. सर्व पंथ सारखेच मानिले तर धर्म व कायदा दोन्ही ढांसळतील, असें आईचें उत्तर होतें. मुलानें राज्यकारभारांतून आपणांस मोकळें करावें अशी मागणी केली. दिवाण कौनिट्सहि सौम्यपणाच्या बाजूस होता. शेवटीं महाराणीनें हात थोडा आंखडता घेतला. पण कायदा बदलला नाहीं.

शेवट

१७७८ सालीं योसेफानें बव्हेरियाच्या वारशासाठीं फ्रेडरिकशीं पुन्हां लढाई सुरू केली. तेव्हां या म्हाताऱ्या बाईनें मुलाला न कळवितां आपल्या जन्माच्या वैऱ्याला पत्र लिहून तह मागितला. मानापमानाचा विचार तिनें केला नाहीं. ता. १३ मे १७७९ रोजीं, म्हणजे तिच्या वाढदिवशींच, तह झाला आणि हजारों शिपायांचे प्राण वांचले.

१७८० च्या नोव्हेंबरांत तिला थंडी बाधून छातीचा विकार जडला. निजलें तर श्वास कोंडे, म्हणून ती खुर्चींत बसून राहिली. झोंप घेण्याचा आग्रह मुलांनीं केला, तो तिनें मानिला नाहीं. मरणाला जागेपणीं भेटावें असें तिला वाटत होतें. ता. २९ नोव्हेंबर रोजीं तिनें प्राण सोडिला. योसेफ जवळ होता. तिचें वय ६३ वर्षांचें होतें. व्हिएन्नांतील समाधिगृहांत ती आपल्या नवऱ्याबरोबर एकाच शवपेटींत आहे. तिच्या मुखवट्याचा, १७८० हें साल घातलेला चांदीचा डॉलर तिच्यामागें दीडशेंहून अधिक वर्षें अरबस्तानांत व ॲबिसिनियांत चालत राहिला.

तिला जाऊन पुरतें एक वर्ष झालें नाहीं तोंच, ता. १३ ऑक्टोबर १७८१ रोजीं, योसेफानें धर्माच्या मोकळिकीची सनद काढिली. लूथरपंथी, कॅल्व्हिनपंथी व पूर्वेकडील मंडळीचे लोक यांना आपल्या रीतीनें उपासना करण्याची परवानगी मिळाली. ती पुरी नव्हती. शंभर कुटुंबें असतील तेथेंच प्रार्थनाघर बांधावें; त्याला मनोरा नको, घंटा नको, आणि रस्त्याकडे दार नको. तरीहि डोंगरांतून, बोहेमियांतून, मोराव्हियांतून हजारों माणसें आपलीं नांवें नोंदविण्यास पुढें आलीं. कित्येक घराण्यांनीं दीडशें वर्षें जपून ठेविलेलीं पुस्तकें तक्तपोशीखालून बाहेर काढिलीं, आणि घंटेवांचूनच लोक वेळेवर जमले.

जें राखण्यासाठीं महाराणीनें झडत्या घेतल्या, मुलें हिरावून घेतलीं, तें काय राखलें गेलें? तिच्या शाळा उरल्या. तिच्या शिपायांचें काम उरलें नाहीं. वाचकहो, आपणांपैकीं पुष्कळांना विश्वासासाठीं घरच्यांनीं व गांवानें कांहीं ना कांहीं सोसावयास लाविलें आहे, म्हणून त्या होड्यांत बसलेल्या आईबापांचें दुःख आपणांस लवकर कळेल. पण एवढ्यावर थांबूं नये. आपल्याहि हातीं कोठें ना कोठें थोडी सत्ता असतेच: बापाच्या हातीं मुलावर, सासूच्या हातीं सुनेवर, उपदेशकाच्या हातीं मंडळीवर. ती सत्ता आपण चांगल्याच हेतूनें चालवितों, असें आपणांस वाटतें. मारिया थेरेसालाहि तसेंच वाटत होतें.